रिकामी होणारी खाट

गेल्या वर्षी आमच्या बसस्थानकावर पडून असलेला एक मानसिक आजारी माणूस बरा होऊन ओडिशातल्या त्याच्या घरी पोचला. हे काम कर्जतजवळच्या वेणगाव इथल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारी ही संस्था. मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. पहिल्या कागदापासून शेवटच्या रेल्वेप्रवासापर्यंत मला त्यांच्यासोबत राहायला मिळालं. तेव्हापासून दुसऱ्या स्थानकांवरचे सहकारी, रिक्षावाले, दुकानदार विचारतात, की असा माणूस दिसला तर नेमकं करायचं काय? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. त्या माणसाचं नाव किंवा गाव मात्र लिहिणार नाही. तो आता आपल्या घरी आहे, त्याला तिथे निवांत राहू द्यावं.

स्थानकावर सगळे त्याला पोतेवाला म्हणायचे. तीन पोती होती त्याच्याकडे, दोन खांद्यावर आणि एक ओढत न्यायचा. आत चिंध्या, प्लास्टिकच्या बाटल्या, फाटकी तिकिटं, सुतळीचे तुकडे. केसांच्या जटा झालेल्या, उजव्या घोट्यावर जखम. पावसाळाभर तो शेवटच्या फलाटामागे, पार्सलच्या खोलीच्या पत्र्याखाली राहिला. त्याने कधी कुणाला त्रास दिला नाही. रात्री मुक्कामी गाड्या लागल्या, की भिंतीला टेकून स्वतःशी बोलत बसायचा. काय बोलतो ते कुणालाच कळत नव्हतं. कुणी म्हणे तेलुगू असेल, कुणी म्हणे बंगाली.

उपहारगृहात भांडी घासणाऱ्या मावशी त्याला दोन्ही वेळा खायला द्यायच्या. ताट हातात देत नसत, थोडं लांब ठेवून मागे सरायच्या, आणि सगळे पांगले की तो येऊन जेवायचा. वडापाव दिला तर वडा तसाच राहायचा. भात दिला की ताट चाटूनपुसून स्वच्छ. ‘हा भात खाणाऱ्या मुलखातला आहे, साहेब. आणि लांबचा आहे,’ हे मावशींनीच मला सांगितलं. पुढे डॉक्टरांनी, पोलिसांनी, सगळ्यांनी मिळून जे शोधलं, त्याची सुरुवात मावशींच्या या निरीक्षणातून झाली असं मी मानतो.

जखम वाढायला लागली तशी स्थानकात चर्चा सुरू झाली. एकाने सुचवलं, रात्रीच्या गाडीत बसवू आणि पुढच्या तालुक्याला उतरवू. हे बोलणारा माणूस वाईट नव्हता. असं सर्रास होतं, म्हणून तो बोलला. पण या माणसाला आमच्या गावापर्यंत असंच कुणीतरी ‘पुढे’ पाठवलं असणार, हे उघड दिसत होतं. प्रत्येक वेळी पुढे ढकललेला माणूस घरापासून आणखी लांब जातो. दुसऱ्याने म्हटलं, भिकारी म्हणून पकडून द्या. राज्यात 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आहे खरा, पण हा माणूस कधी कुणापुढे हात पसरत नव्हता. आणि ज्याला औषधाची गरज आहे त्याला भिक्षेकरीगृहात नेऊन काय साधणार?

कर्जतला जाणाऱ्या गाडीवरच्या एका वाहकाने मला वेणगावची संस्था सांगितली. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा नाव वाचलं होतं, पण ही जागा आमच्यापासून काही तासांवर आहे हे डोक्यात नव्हतं. फोन केला. पलीकडच्या सामाजिक कार्यकर्तीने आधी प्रश्न विचारले. पुरुष की बाई? वय साधारण किती? खातो का? अंगावर धावून येतो का? जखम कुठे आहे, त्यात अळ्या दिसतात का? कुणाशी थोडंफार बोलतो का? मग तिने बजावून सांगितलं, ‘तुम्ही त्यांना गाडीत घालून आणू नका. आधी पोलीस ठाण्यात जा. कायद्याने हे त्यांचं काम आहे, आणि त्यांच्या कागदावरच पुढचं सगळं उभं राहतं.’

तो कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017. 29 मे 2018 पासून तो लागू आहे. आपल्यासारख्यांना त्यातलं एकच कलम पाठ असलं तरी पुष्कळ आहे : कलम 100. आपल्या हद्दीत मानसिक आजार असलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याला लवकरात लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करायची आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे ‘हे आमचं काम नाही’ असं म्हणायला कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

तरी ते म्हटलं गेलं. ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘त्याने गुन्हा काय केलाय?’ काहीच नाही म्हटल्यावर, ‘मग आम्ही काय करणार?’ दुसऱ्या खेपेला मी कलमाची छापील प्रत नेली, सोबत मावशींनाही घेतलं. मावशींनी टेबलासमोर उभं राहून विचारलं, ‘साहेब, तुमच्या घरचं कुणी असं लांब कुठे पडलं असतं, तर तिथल्या पोलिसांनी काय करावं असं तुम्हाला वाटलं असतं?’ एक महिला उपनिरीक्षक बाजूच्या टेबलावरून हे ऐकत होत्या. त्यांनी प्रत मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली आणि स्टेशन डायरी पुढे ओढली. पुढचं सगळं त्यांनी केलं, आणि मनापासून केलं. नोंद झाली, त्याचा फोटो काढला, रुग्णालयासाठी पत्र तयार झालं. अनोळखी पुरुष, वय अंदाजे 35 ते 40, भाषा अज्ञात.

संस्थेची गाडी आली ती सकाळची वेळ होती. दोन कार्यकर्ते आणि एक परिचारक. मला वाटलं होतं, आता धरपकड होणार. तसं काहीच झालं नाही. परिचारक त्याच्यापासून थोड्या अंतरावर फरशीवर बसला. बराच वेळ नुसता बसून राहिला. मग दोन कप चहा मागवले, एक मधे ठेवला, एक स्वतः प्यायला लागला. नंतर केळी. मधूनच काहीतरी बोलायचा, उत्तराची वाट न बघता. आमच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, मी खिडकीतून बघत होतो. दुपार कलली तेव्हा त्या माणसाने स्वतः उठून पोती उचलली. गाडीजवळ आल्यावर अडला. पोती सोडायला तयार नाही. चालकाने नाक मुरडलं, पण परिचारक म्हणाला, ‘पोती पण येणार. त्यांची आहेत ती.’ तीनही पोती गाडीत चढली, मागोमाग तो चढला, उपनिरीक्षक बाईंनी पाठवलेला हवालदार बसला, मीही बसलो.

सरकारी रुग्णालयात केसपेपर, जखमेचं ड्रेसिंग, तपासणी आणि पुढे मानसोपचारासाठी पाठवण्याचं पत्र. इथे घाई करून चालत नाही. अशा माणसाच्या बाजूने बोलायला नातेवाईक नसतो, म्हणून कागदच त्याचा नातेवाईक. संस्थेत दाखल करतानाही डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं लागतं, तो का दाखल होतो आहे आणि किती दिवसांसाठी. मदतीशिवाय निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसाला कायदा एका वेळी 30 दिवसांपर्यंत दाखल करू देतो, आणि ते मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. पूर्वी या देशात 1912 च्या कायद्याने माणूस एकदा मनोरुग्णालयाच्या फाटकाआत गेला, की बाहेर येण्याची काळजी कुणी करेलच असं नव्हतं. आजचा कागद किचकट आहे, पण त्याचा रोख माणूस बाहेर यावा याकडे आहे. म्हणून तो भरताना मला कंटाळा आला नाही.

वेणगावला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आवारात झाडं, बैठ्या इमारती, कट्ट्यावर बसलेली माणसं. आंघोळ घालायला तिघं लागले, कारण जटा कापेपर्यंत पाणी डोक्याला पोचतच नव्हतं. केस गेले, दाढी गेली, तेव्हा आतून निघालेला चेहरा आम्ही स्थानकावर महिनोन्‌महिने पाहिलेल्या माणसाचा नव्हताच. कितीतरी तरुण होता तो. पोती बाजूच्या खोलीत ठेवली, त्यांना नोंद क्रमांकाची चिठ्ठी लावली. त्याला नेऊन दाखवलं, की इथे आहेत. पहिल्या रात्री तो दोनदा उठून बघून आला म्हणे.

त्याचं निदान स्किझोफ्रेनिया. मी डॉक्टर नाही, त्यामुळे समजलं तेवढंच लिहितो. कानात आवाज येतात, आपल्यामागे कुणीतरी लागलंय अशी पक्की खात्री असते, आणि त्या भीतीने माणूस घर, गाव, गाडी, फलाट सोडत पुढे पुढे चालत राहतो. यावर औषध आहे. ते महागही नाही. त्याला रिस्पेरिडोन सुरू झालं, आणि गोळीने हात थरथरायला लागले तेव्हा त्यावरची दुसरी गोळी. सोबत जखमेचं अँटिबायोटिक, लोह, रोज भात, डाळ, भाजी, अंडं. झोप लागायला लागली. आधी झोप परतते, मग भूक, मग नाव. हे तिथल्या जुन्या परिचारकांच्या तोंडचं.

मी सुट्टीच्या दिवशी जात राहिलो. संस्थेची जन्मकथा मला या फेऱ्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी समजली. काही डॉ. वाटवानींच्या भाषणांतून, काही तिथल्या माणसांकडून.

1988 साली मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी हे तरुण मानसोपचारतज्ज्ञ जोडपं एका हॉटेलात बसलं होतं. समोर रस्त्यापलीकडे एक हडकलेला तरुण करवंटीने गटारातलं पाणी पिताना त्यांनी पाहिला. दोघांनी त्याला आपल्या छोट्या रुग्णालयात आणलं, उपचार केले. तो बोलायला लागला तेव्हा कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केलेला आहे, आणि त्याचे वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. वडील मुलाला न्यायला आले. या एका प्रसंगातून दोन खोल्यांची जागा घेतली गेली, तीन रुग्णांपुरती. संस्थेची सुरुवात एवढीच : तीन खाटा.

नंतर एकदा रस्त्यावरून आणलेला एक जण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकवणारा निघाला. तो बरा झाला, आणि त्याच्या महाविद्यालयाने, मित्रांनी हे ऋण मानलं. शंभराहून जास्त चित्रकारांनी आपली चित्रं दिली, प्रदर्शन भरलं, पैसे उभे राहिले. त्यातून 1997 मध्ये दहिसरला 20 जणांची सोय झाली. मला स्वतःला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा दहिसरचाच वाटतो, आणि तो चित्रांमुळे नव्हे. आजूबाजूच्या रहिवाशांनी विरोध केला. वेडी माणसं आमच्या शेजारी नकोत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, निकाल संस्थेच्या बाजूने लागला आणि काम सुरू राहिलं. रस्त्यावर पडलेल्या माणसाची कणव सगळ्यांना येते. तोच माणूस स्वच्छ कपड्यांत आपल्या भिंतीपलीकडे राहायला आला की कणव संपते. तो निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला असता, तर कदाचित वेणगाव उभंच राहिलं नसतं आणि आमचा माणूस आजही पत्र्याखाली असता.

वेणगावचं केंद्र 2006 मध्ये सुरू झालं, 120 रुग्णांसाठी. बाबा आमट्यांच्या कामाचा आपल्यावर खोल परिणाम असल्याचं डॉ. वाटवानी सांगतात. आणि इथेच मला एक फरक ठळकपणे जाणवला. आपल्याकडे बेघरांसाठीची संस्था म्हटली की डोळ्यांपुढे आश्रम येतो, जिथे माणूस आला तो कायमचा. तशा संस्थाही हव्यात, ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी. पण ‘श्रद्धा’ने पहिल्या तरुणापासून दुसरी वाट धरली. आणायचं, बरं करायचं, घरी पोचवायचं. साधारण दोनेक महिन्यांत. तीनाच्या वीस खाटा झाल्या, वीसच्या एकशेवीस झाल्या, तरी खाट रिकामी करण्याचं धोरण बदललं नाही. मॅगसेसे पुरस्काराच्या वेळेपर्यंत 7,000 हून अधिक माणसं उपचार घेऊन आपापल्या घरी पोचली होती, ती याच हिशेबाने. 120 खाटा कायमच्या भरून ठेवल्या असत्या, तर आकडा 120 वरच थांबला असता.

सरकारी आकड्यांत बघायचं तर 2011 च्या जनगणनेत देशभर सुमारे 17.7 लाख माणसं बेघर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा निवारा असायला हवा. निवारे झालेही आहेत. पण आमच्या स्थानकावरच्या माणसाला नुसतं छप्पर दिलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी पोती घेऊन चालायला लागला असता. त्याच्या बेघरपणाचं मूळ आजारात होतं. त्याला आधी गोळी हवी होती, मग छप्पर. आणि छप्पर तर त्याचं स्वतःचं होतंच.

ते कुठे होतं, हे कळायला वेळ लागला. पहिल्या काही आठवड्यांत त्याने एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला, ‘साँचा’, म्हणजे सुरतेकडच्या बोलीत यंत्रमाग. कार्यकर्त्यांना लगेच लक्षात आलं, कारण सुरतेच्या यंत्रमागांवर काम केलेली माणसं त्यांनी आधीही पाहिली होती. तिथल्या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले लाखो लोक काम करतात. ओडिया येणाऱ्या एका कार्यकर्त्याला त्याच्यासमोर बसवलं. त्याने सहज जेवणाबद्दल विचारलं आणि आमचा माणूस बोलायला लागला. मला मावशींचा भात आठवला. त्याच दिवशी मी त्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग? मी काय बोलले होते!’

पत्ता शोधण्याची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. पत्ता विचारत नाहीत. आजारात पत्ता पुसट झालेला असतो, आणि जो सांगितला जातो तो कधी सासरचा, कधी लहानपणीचा असतो. त्याऐवजी विचारतात, तुमच्या गावाला जायला कुठल्या स्टेशनवर उतरतात? बस कुठे मिळते? बाजार कुठल्या वारी? देऊळ कुणाचं? शाळेच्या समोर काय आहे? त्याने ब्रह्मपूर स्टेशन सांगितलं. मग बसथांबा, मग तळं, मग एका देवीची जत्रा. नकाशा उघडून एकेक नाव जुळवत गेले आणि शेवटी एका पोलीस ठाण्यावर येऊन थांबले. तिथे फोन गेला, ठाण्याने गावच्या चौकीदाराला पाठवलं, चौकीदाराने भावाला. संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी भाऊ, मग मागून डोकी वाढत गेली. आमचा माणूस फोनकडे बघत होता, पण काही बोलला नाही. भाऊच रडत होता. घरच्यांनी दोन वर्षं वाट पाहून त्याचं क्रियाकर्म उरकलं होतं.

घरी सोडायला जाताना संस्थेचा माणूस सोबत असतो. या खेपेला तो ओडिया बोलणारा कार्यकर्ता होता, गाडीत आणखी एक रुग्ण होता ज्याला विशाखापट्टणमच्या बाजूला सोडायचं होतं, आणि मी रजा टाकून गेलो. निघण्याच्या सकाळी त्याला पोत्यांबद्दल विचारलं. त्याने खोलीत जाऊन पाहिलं. त्यातलं एक उघडलं, आतून एक जुनी किल्ली काढून खिशात घातली आणि बाकीचं टाकून द्यायला सांगितलं. ती कुठल्या कुलपाची, ते त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

कल्याणला कोणार्क एक्स्प्रेस पकडली. ती पुन्हा कर्जतवरूनच घाटात चढते. कर्जत आलं तेव्हा त्याने खिडकीतून स्टेशनची पाटी वाचली, हळूहळू, इंग्रजीतली. त्याला वाचता येतं हे मला तेव्हा कळलं. पुणे, सोलापूर, मग रात्र. दुसऱ्या दिवशी राजमहेंद्रीला गोदावरीचा लांबच लांब पूल. त्र्यंबकला जिचा उगम ओंजळीएवढा पाहिला, तीच नदी इथे समुद्रासारखी पसरलेली. मी हे त्याला हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं आणि एकच म्हणाला, की सुरतेला जाताना त्याची गाडी दुसऱ्या मार्गाने गेली होती. हे त्याचं माझ्याशी झालेलं पहिलं धड संभाषण. गोळ्यांच्या वेळा कार्यकर्ता पाळत होता. जेवणानंतर न चुकता हातात गोळी, पाणी, आणि ती गिळेपर्यंत गप्पा.

दुसऱ्या रात्री उशिरा ब्रह्मपूर आलं. स्टेशनवर भाऊ, दोन चुलतभाऊ आणि गावातले चारपाच जण टेम्पो घेऊन हजर होते. भावाने आधी त्याच्या घोट्याकडे पाहिलं. जखम भरली होती. वाटेत अंधारात वास यायला लागला म्हणून विचारलं तर म्हणाले, केवडा. त्या भागात शेतांच्या कडेने केवड्याची बनं आहेत, त्याचं अत्तर निघतं. गाव जागं होतं. आईने ओवाळलं, पायांवर पाणी घातलं, आणि मग इतका वेळ शांत असलेला तो माणूस तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडला. सकाळी आम्हाला पखाळ वाढला, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, सोबत भाजलेलं वांगं आणि सुकी मासळी. त्याने स्वतः वाढला.

पण कार्यकर्त्याचं खरं काम त्यानंतर होतं. त्याने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओसरीत बसवलं आणि तासभर समजावलं. हा भूतबाधेचा प्रकार नाही. हा आजार आहे, रक्तदाबासारखा, रोज गोळी लागते. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. गुणियाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेलंत तरी गोळी चालू ठेवा. झोप कमी झाली, एकटा बोलायला लागला, तर लगेच फोन करा. गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, लग्न करून दिलं तर बरा होईल का? कार्यकर्त्याने न चिडता, नीट बसून उत्तर दिलं. हा प्रश्न त्याला प्रत्येक गावात विचारला जातो, असं तो मला परतताना म्हणाला. मग त्याने औषधांचा साठा दिला, घरी पोचवल्याच्या कागदावर भावाची आणि सरपंचांची सही घेतली, आणि स्थानिक ठाण्यात जाऊन कळवलं. आमच्या ठाण्यातली मिसिंगची नोंद त्या कागदावर बंद झाली. उपनिरीक्षक बाईंनी मला फोन करून ते सांगितलं. त्यांच्या आवाजात आनंद होता.

सुरुवातीला संस्थेने औषधं टपालाने पाठवली. पुढे ब्रह्मपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात नाव घातलं गेलं. थंडीत एकदा गोळ्यांमध्ये खंड पडला आणि भावाला जे सांगितलं होतं तेच दिसायला लागलं, झोप गेली, तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. भावाने लगेच वेणगावला फोन केला, डॉक्टरांनी फोनवरच समजावून सांगितलं, भाऊ त्याला घेऊन ब्रह्मपूरला गेला. काही दिवसांत तो सावरला. आता काजूच्या बागेत मजुरीला जातो. सुरतेला जायचं नाही असं त्याने स्वतःच ठरवलं आहे.

माझं एकच म्हणणं उरतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. तरी या भावाला दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन बस बदलून गोळ्या आणाव्या लागतात, कारण गावाजवळच्या आरोग्य केंद्रात त्या मिळत नाहीत. आपल्याकडेही अनेक तालुक्यांत हीच तऱ्हा आहे. वेणगावच्या खाटेवरून उठून गेलेला प्रत्येक माणूस या गोळ्यांवर घरात टिकून आहे. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असल्या पाहिजेत, तापाच्या गोळ्या असतात तशा, आणि आपल्या तालुक्याच्या केंद्रात त्या आहेत का, हे आपण जाऊन विचारलं पाहिजे. मी आमच्याकडे विचारून आलो. मागणीचं पत्र पाठवलं आहे, ग्रामसभेचा ठरावही जोडला आहे. उत्तर यायचं आहे.